पाण्याखाली धातू खाणारी धार: कॅव्हिटेशन जेट जुळवायचं कसं

पाण्याखाली धातूवर धार चालवायची म्हटलं की बहुतेक जण आधी पंपाचा कॅटलॉग उघडतात. जितका दाब जास्त तितकी धार तेज, असा साधा हिशेब त्यामागे असतो. हवेत चालणाऱ्या वॉटरजेटला तो बऱ्यापैकी लागू पडतो. कॅव्हिटेशनच्या, म्हणजे पाण्यात वाफेचे बुडबुडे उघडून मिटण्यावर चालणाऱ्या, धारेला पडत नाही. इथे धातू खाण्याचं काम पाण्याच्या वेगापेक्षा त्या वेगामुळे तयार होणारे बुडबुडे करतात. ते बुडबुडे धातूच्या नेमके अंगाशी येऊन फुटले तरच काम होतं. दोन सेंटीमीटर आधी फुटले, तर ३०० बारचा पंपही प्लेट नुसती धुऊन काढतो. म्हणून या लेखाचा भर पंपावर कमी आणि दोन आकड्यांवर जास्त आहे: दाबांचं गुणोत्तर, आणि नोझलपासून धातूपर्यंतचं अंतर.

धार धातूला खाते कशी

पाण्यावरचा दाब एका मर्यादेखाली गेला की ते न तापताही उकळतं. २० अंश सेल्सिअसला ही मर्यादा साधारण ०.०२३ बार आहे. नोझलमधून निघालेली वेगवान धार भोवतालच्या थांबलेल्या पाण्याला घासते, त्या सीमेवर भोवरे तयार होतात आणि भोवऱ्याच्या गाभ्यात दाब इतका पडतो की तिथे वाफेच्या पोकळ्या उघडतात. धारेसोबत त्या पुढे वाहत जातात. पुढे दाब पूर्ववत झाला की पोकळी मिटते, आणि मिटताना भोवतालचं पाणी सगळ्या बाजूंनी आत धावतं.

अशी पोकळी मिटताना दाब किती चढू शकतो, याचा हिशेब लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडला. त्यामागे जहाजांच्या पंख्यांचा त्रास होता. १८९० च्या दशकात जहाजांचा वेग वाढला, तेव्हा पंखे पाणी नीट पकडेनासे झाले आणि पुढे त्यांच्या पात्यांवर खड्डे पडू लागले. रॅले यांचं गणित गोल पोकळीचं होतं. धातूच्या भिंतीजवळची पोकळी मात्र गोल मिटत नाही. भिंतीच्या बाजूने पाण्याला यायला वाट कमी असते, म्हणून पलीकडची बाजू आधी आत खचते आणि पोकळीच्या पोटातून पाण्याची एक बारीक सुई भिंतीकडे झेपावते. प्लेसेट आणि चॅपमन यांनी १९७१ मध्ये काढलेल्या गणितात तिचा वेग सेकंदाला सुमारे १३० मीटर येतो.

हा वेग धातूच्या भाषेत आणला की बरंच काही उलगडतं. पाण्याची घनता, पाण्यातला ध्वनीचा वेग (सेकंदाला साधारण १५०० मीटर) आणि सुईचा वेग यांचा गुणाकार केला की आघाताचा दाब मिळतो: सुमारे १९५ मेगापास्कल, म्हणजे १९५० बार. अनील केलेलं, म्हणजे तापवून मऊ केलेलं, शुद्ध अॅल्युमिनियम ३० मेगापास्कलच्या आसपासच दबू लागतं, म्हणून त्यावर एकेका बुडबुड्याचा ठसा उमटतो. साधं माइल्ड स्टील सुमारे २५० मेगापास्कलपर्यंत तग धरतं. त्याला एका आघाताने फारसं काही होत नाही. पण त्याच जागी लाखो आघात झाले आणि बुडबुड्यांचे अख्खे ढग एकदम मिटून त्यात धक्कालहरींची भर पडली, की पृष्ठभाग थकतो, बारीक तडे जातात आणि कण सुटू लागतात.

म्हणजे स्टीलवर हा थकव्याचा खेळ आहे आणि थकवा यायला वेळ लागतो. सुरुवातीचा काही काळ वजनात काहीच घट दिसत नाही. पृष्ठभाग फक्त मॅट होतो. मग झीज एकदम वेग घेते, काही काळ जोरात चालते आणि खड्डे खोल झाले की पुन्हा मंदावते. हा क्रम डोक्यात पक्का ठेवा. पहिल्या शांत टप्प्यात घाबरून दाब वाढवणं किंवा नोझल बदलणं, यात सगळ्यात जास्त काम वाया जातं.

आधी ठरवा, काम नेमकं कोणतं

शुद्ध कॅव्हिटेशनच्या धारेने जाड स्टीलची प्लेट आरपार कापणं व्यवहारात बसत नाही. वरवरचं खरवडणं उत्तम होतं: शेवाळ, शिंपले, सुटलेला रंग, गंज. अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, मऊ पितळ, बिडाचे कमकुवत भाग यांत खाच पाडता येते, संयम असला तर पत्रा आरपारही जातो. स्टेनलेस स्टीलवर वेग फारच कमी मिळतो. निकेल-अॅल्युमिनियम ब्राँझ तर पंख्यांसाठी वापरतात तेच मुळी अशी झीज सोसतं म्हणून, आणि कोबाल्टच्या स्टेलाइट जातीच्या मिश्रधातूंच्या वाटेला जाऊच नये.

तिसरंही एक काम आहे आणि ते मला सगळ्यात सुंदर वाटतं. झीज सुरू होण्याआधीच्या शांत टप्प्यावर धार थांबवली, तर पृष्ठभाग ठोकून घट्ट झालेला असतो आणि त्यात दाबाचा ताण बसलेला असतो. त्यामुळे पुढे तडे जायला वेळ लागतो. जपानमधल्या अणुभट्ट्यांच्या आतल्या वेल्डवर ताणामुळे येणारे गंजतडे रोखण्यासाठी पाण्याखालच्या धारेने अशीच ठोकणी करतात. तेच बुडबुडे, तीच धार. फरक फक्त थांबायचं कधी याचा.

जाड लोखंड आरपार हवं असेल, तर कणमिश्रित, म्हणजे कठीण कण मिसळलेल्या, धारेबद्दल खाली लिहिलं आहे ते आधी वाचा आणि मग ठरवा.

दाबांचं गुणोत्तर

भोवतालचा दाब भागिले नोझलवरचा दाबफरक (नोझलच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक), याला कॅव्हिटेशन अंक म्हणतात आणि तो ग्रीक सिग्मा अक्षराने लिहितात. काटेकोर सूत्रात भोवतालच्या दाबातून बाष्पदाब वजा करतात. तो इतका लहान असतो की कामापुरता सोडून दिला तरी चालतो.

भोवतालचा दाब म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर १ बार आणि खाली जाताना दर १० मीटरला आणखी साधारण १ बार. पंप वर असेल, तर होजमधल्या पाण्याच्या उभ्या स्तंभाचं वजनही खाली नोझलपर्यंत पोचतं आणि भोवतालच्या वाढलेल्या दाबाला जवळजवळ फेडून टाकतं. म्हणून होजमधली घर्षणाची घट वजा केली, की वरच्या गेजवरचा आकडाच दाबफरक म्हणून धरता येतो.

३०० बार धरून पाहू. पृष्ठभागालगत सिग्मा १ भागिले ३००, म्हणजे ०.००३३. १० मीटरवर ०.००६७. ३२ मीटरवर भोवतालचा दाब ४.२ बार, म्हणून सिग्मा ०.०१४. १०० मीटरवर ०.०३७. ३०० मीटरवर ०.१ च्या वर.

सिग्मा लहान असला की बुडबुड्यांचा ढग लांब आणि भरगच्च होतो, पण भोवतालचा दाब कमी असल्याने प्रत्येक बुडबुडा जरा आळसावून मिटतो. सिग्मा वाढला की ढग आखूड आणि विरळ होतो, पण मिटणं जास्त क्रूर असतं. या दोन ओढींमध्ये कुठेतरी शिखर येतं. जपानच्या तोहोकू विद्यापीठात हितोशी सोयामा यांनी अशा धारांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्यांच्या दाबबंद टाकीतल्या प्रयोगांत हे शिखर ०.०१ ते ०.०२ च्या पट्ट्यात मिळालं. याचा अर्थ असा की ३०० बारच्या धारेला उथळ टाकीपेक्षा तीसेक मीटर खोली जास्त मानवते. खोली म्हणजे अडचणच, असं धरून चालणाऱ्यांनी हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा. अडचण येते, पण त्याच्याही बरीच खाली.

उथळ टाकीत काम करणाऱ्यांना यातून एक युक्ती मिळते. टाकी झाकणबंद करून निर्गमाच्या वाटेवर व्हॉल्व्ह बसवला आणि आतला दाब २-३ बारने चढवला, तर पंप न बदलता धार बरीच तेज होते. अर्थात टाकी त्या दाबासाठी बनवलेली आणि तपासलेली हवी. पत्र्याच्या साध्या टाकीवर हा प्रयोग करू नका.

नोझल आणि पंपाचा मेळ

धारेचा वेग म्हणजे दाबफरकाच्या दुपटीला घनतेने भागून घेतलेलं वर्गमूळ. ३०० बारला तो सेकंदाला २४५ मीटर येतो, २०० बारला २००. प्रवाह वेगावर आणि घशाच्या, म्हणजे नोझलच्या सगळ्यात अरुंद भोकाच्या, क्षेत्रफळावर ठरतो. घशाचा गुणांक (हिशेबाच्या मानाने प्रत्यक्षात जाणारं पाणी) ०.८ धरला, तर ३०० बारला १ मिलिमीटर घशातून मिनिटाला ९ लिटरच्या थोडं वर पाणी जातं आणि त्यातली जलशक्ती साधारण ४.६ किलोवॅट भरते. घसा २ मिलिमीटर केला की पाणी मिनिटाला ३७ लिटर आणि शक्ती १८.५ किलोवॅट. मोटर त्याहून मोठी हवी, कारण पंप आणि होज आपला वाटा घेतात.

वेगाचं महत्त्व कमी नाही. कॅव्हिटेशनची झीज वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते, असं रॉबर्ट नॅप यांनी १९५० च्या दशकात दाखवलं होतं. नंतरच्या मोजमापांत हा घात परिस्थितीनुसार कमीजास्त आला, पण दिशा तीच राहिली. दाब दुप्पट केला की वेग १.४ पट होतो आणि सिग्मा तोच ठेवला तर झीज सुमारे आठपट. ‘सिग्मा तोच ठेवला तर’ ही अट मात्र विसरायची नाही. नुसता दाब वाढवला की सिग्मा घसरतो आणि योग्य अंतरही पुढे सरकतं. दाब वाढवूनही काही फरक पडला नाही, ही तक्रार बहुधा इथून येते.

नोझलचा साधा प्रकार म्हणजे निमुळता प्रवेश, मग घशाच्या व्यासाइतका किंवा थोडा लांब सरळ भाग आणि शेवटी धारदार कड. यानेही काम सुरू होतं. मोठा फरक पडतो तो कडेच्या पुढे काय आहे याने. घशापुढे मोठ्या व्यासाचं एक बोअर, म्हणजे गोल भोक, ठेवलं, की भोवरे त्यात पोसले जातात आणि ढग भरगच्च निघतो. सोयामा यांच्या प्रयोगांत घशाच्या ८ पट व्यास आणि ८ पट लांबी हे माप चांगलं ठरलं. १ मिलिमीटर घशाला पुढे ८ मिलिमीटर व्यासाचं, ८ मिलिमीटर खोल बोअर. लेथवर हे सहज होतं, म्हणून पहिलं नोझल मी असंच सुचवेन.

दुसरा प्रकार स्वतःच गुंजणाऱ्या नोझलचा. घशाआधी ठरावीक लांबीची नळी किंवा पोकळी ठेवतात, धार त्या पोकळीच्या तालात धडधडू लागते आणि बुडबुडे सुटे न येता गुच्छांत येतात. खोल पाण्यात, जिथे साधं नोझल नांगी टाकतं, तिथे याचा उपयोग जास्त. पण नळीची लांबी दाबाशी जुळवून कापावी लागते, म्हणून हा दुसऱ्या टप्प्यावरचा विषय.

घसा टंगस्टन कार्बाइडचा घ्या. साध्या स्टेनलेसचा घसा स्वतःच झिजतो आणि कड गोलावली की ढग बिघडतो. पंपाच्या आधी १० मायक्रॉन किंवा त्याहून बारीक गाळणी हवीच, कारण १ मिलिमीटर घशाच्या कडेला गेलेली एक चरही धार वाकडी करते. पंपाला गोडं पाणी द्या. नोझल समुद्रात असलं तरी आत खारं पाणी ढकलण्याची गरज नसते.

पाणी सुरू करण्याआधी

या दाबाची धार हातमोजा, बूट आणि कातडी भेदून आत शिरते. बाहेरून जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, दुखतही फार नाही, आणि तेच घातक असतं. पाणी आणि घाण आत स्नायूंच्या पदरांतून लांबवर पसरलेली असते. अशी जखम झाली की पट्टी बांधून काम पुढे चालू ठेवायचं नाही. थेट शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं आणि ‘उच्च दाबाच्या पाण्याची जखम’ हे शब्द तिथे स्पष्ट सांगायचे.

ट्रिगर सोडताच धार बंद होणारा हवा, अडकवून ठेवता येणारा नको. होजच्या प्रत्येक जोडाला सुरक्षा-दोर बांधा. सेफ्टी व्हॉल्व्ह होजच्या मंजूर दाबाच्या आत लावा. टाकीत चाचणी घेताना झाकण उघडलं की पंप बंद होईल असा स्विच बसवा, कारण पाण्यातून वर निघालेल्या नोझलची धार हवेत कित्येक पट लांब मारते. पाण्याखाली साध्या धारेचा अखंड गाभा घशाच्या जेमतेम सहा पट अंतरापर्यंत टिकतो, त्यामुळे पाण्यात ती सौम्य वाटते. हवेत ती तशी नसते.

पाणबुड्या खाली जाणार असेल तर तीन गोष्टी आणखी. पहिली, धक्का. ३०० बारला २ मिलिमीटरचं नोझल साधारण १५ किलोच्या जोराने मागे ढकलतं. जमिनीवर माणूस पाय रोवून ते सोसतो, पाण्यात तरंगणारा माणूस सरळ मागे जातो. म्हणून पाणबुड्याच्या गनला मागच्या बाजूने तेवढीच, पण पसरट धार सोडणारी उलट नळी असते. त्या मागच्या धारेसमोर स्वतःचा पाय किंवा आपली होज येत नाही ना, हे प्रत्येक वेळी पाहायचं. दुसरी, आवाज. हजारो बुडबुडे फुटण्याचा आवाज पाण्यात फार दूर आणि फार जोरात जातो, तेव्हा कानांचं संरक्षण आणि कामाच्या वेळेची मर्यादा ठरलेली हवी.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. बंद नळी, पोकळ खांब, हवा भरलेला कप्पा यात खाच आरपार गेली की बाहेरचं पाणी त्या भोकातून आत धावतं. २० मीटरवर आतबाहेरच्या दाबात २ बारचा फरक असतो. तळहाताएवढ्या, म्हणजे १०० चौरस सेंटीमीटरच्या भोकावर त्याचा जोर २०० किलो होतो. तिथे हात गेला तर तो ओढून काढता येत नाही. कापायच्या वस्तूच्या आत काय आहे, ती पाण्याने भरलेली आहे की रिकामी, हे समजल्याशिवाय पाणबुड्याने धार लावू नये. रिमोटने चालणारं यान किंवा रुळावरची गाडी जे काम करू शकते, तिथे माणूस पाठवायचाच नाही.

तिरक्या प्लेटची चाचणी

आता मुख्य काम. नोझल आणि धातू यांच्यातलं योग्य अंतर नोझलच्या आकारावर आणि सिग्मावर ठरतं. ते घशाच्या २० पटीपासून १०० पटीच्या पलीकडेही असू शकतं. पुस्तकातला आकडा आणून बसवण्यात अर्थ नाही, मोजावंच लागतं. त्यासाठी एकेका अंतरावर एकेक प्लेट ठेवून दिवस घालवायचीही गरज नाही.

शुद्ध मऊ अॅल्युमिनियमची २५० मिलिमीटर लांब, ३ मिलिमीटर जाड प्लेट घ्या. बारीक पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, म्हणजे पहिला ठसाही दिसेल. टाकीच्या तळाशी ती २० अंशांच्या उतारावर पक्की आवळा. नोझल उभं, खाली तोंड करून, आडव्या रुळावर. चढाच्या टोकाला नोझल प्लेटपासून १० मिलिमीटर राहील असं लावा. आता नोझल २०० मिलिमीटर आडवं सरकलं की अंतर आपोआप ७३ मिलिमीटरने वाढतं, म्हणजे एकाच फेरीत १० पासून ८३ मिलिमीटरपर्यंतची सगळी अंतरं तपासून होतात. दुसरी प्लेट त्याच उतारावर, पण ७० मिलिमीटर खाली. नोझल पाण्यात किमान १५-२० सेंटीमीटर बुडालेलं हवं, नाहीतर धार वरची हवा खाली ओढते.

हवा हा या कामातला मोठा शत्रू आहे. पाण्यात मिसळलेली हवा बुडबुड्याच्या आत गादीसारखी राहते आणि मिटण्याचा दणका मऊ करते. धरणं बांधणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. १९८३ च्या पुरात अमेरिकेतल्या ग्लेन कॅन्यन धरणाच्या सांडवा-बोगद्यात कॅव्हिटेशनने काँक्रीटचं अस्तर फोडून खाली खडकात प्रचंड खड्डा पाडला. त्यानंतर तिथे मुद्दाम हवा आत घेणाऱ्या खाचा केल्या आणि त्रास थांबला. तिथे जे औषध, ते आपल्या टाकीत विष. टाकीत परत येणारं पाणी वरून कोसळू देऊ नका, पाइप पाण्याखाली उघडा. पाणी दुधाळ दिसत असेल तर थांबा, निवळू द्या.

रुळावर नोझल सरकवणाऱ्या गाडीचा वेग मिनिटाला २० मिलिमीटरच्या आसपास ठेवा आणि फेरी पूर्ण होऊ द्या. कानही वापरा. टाकीच्या भिंतीला लाकडी दांडा टेकवून त्याचं दुसरं टोक कानाच्या मागच्या हाडाला लावलं की फरक कळतो: चुकीच्या अंतरावर नुसता फुस्स आवाज येतो आणि बरोबर अंतर आलं की बारीक खडी पत्र्यावर ओतल्यासारखी कडकड सुरू होते. टाकीच्या भिंतीवर कंपनमापक चिकटवता आला तर त्याची नोंदही ठेवा.

प्लेट काढून वाळवा आणि दिव्याच्या तिरक्या उजेडात धरा. अगदी जवळच्या टोकाला एक अरुंद रेष दिसेल. ती धारेच्या गाभ्याची आहे. पुढे काही अंतर जवळजवळ चकचकीत राहतं. मग खरबरीत, राखाडी पट्टा सुरू होतो, रुंदावतो, आणि एका जागी बोट फिरवलं तर नखाला अडकेल इतका खोल असतो. बऱ्याचदा या पट्ट्याच्या मधोमध एक कमी खाल्लेली रेघ असते आणि दोन्ही कडा जास्त खाल्लेल्या. कारण बुडबुडे धारेच्या भोवती कड्यासारखे वाहतात आणि कड्यासारखेच आपटतात. पुढे पट्टा पसरत पसरत पुसट होतो. सगळ्यात खोल जागेपासून चढाच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर मोजा, ०.३६ ने गुणा, त्यात १० मिळवा. हे तुमचं कामाचं अंतर, या नोझलला आणि या दाबाला.

तिरक्या प्लेटवर आघाताचा कोन थोडा बदललेला असतो, म्हणून शेवटी सरळ प्लेटवर या अंतराच्या ५ मिलिमीटर अलीकडे आणि पलीकडे एकेक ठसा घेऊन खात्री करा. दाब, नोझल किंवा खोली यातलं काहीही बदललं की चाचणी पुन्हा.

पाण्याच्या तपमानाचीही नोंद ठेवा. पंपाची सगळी शक्ती शेवटी उष्णता होऊन टाकीतच राहते. ४.६ किलोवॅटची धार ५०० लिटरच्या टाकीला तासात जवळजवळ ८ अंशांनी तापवते. कोमट पाण्यात झीज थंड पाण्यापेक्षा जास्त होते, त्यामुळे सकाळचा आणि दुपारचा ठसा जुळला नाही तर नोझलला दोष देण्याआधी थर्मामीटर पाहा.

खाच पाडणं

तुकडा पक्का आवळा. थरथरणारा पत्रा आघाताचा काही भाग गिळतो. नोझल हातात धरून खाच सरळ येत नाही आणि अंतरही टिकत नाही, तेव्हा रूळ किंवा निदान टेकू लावलेली पट्टी हवीच.

एकाच संथ फेरीत खोल जाण्यापेक्षा मध्यम वेगाच्या अनेक फेऱ्या मला जास्त पटतात. एका जागी धार रोखून धरली की खड्डा खोल होतो, त्यात अडकलेलं पाणी उशीसारखं वागतं आणि झीज मंदावते. फेऱ्यांमध्ये खाच सगळीकडे सारखी उतरते आणि मोजायला संधी मिळते. ठरावीक फेऱ्यांनंतर खोली मोजा आणि नोझल तेवढंच खाली आणा. हे राहून गेलं, तर धातू हळूहळू योग्य अंतराच्या बाहेर जातो आणि ‘सुरुवातीला चाललं, मग थांबलं’ असा अनुभव येतो.

खाच रुंद असेल. ढग घशाच्या कित्येक पट पसरलेला असतो, तेव्हा १ मिलिमीटर नोझलने १ मिलिमीटरची चीर मिळेल ही अपेक्षा सोडा. तळ गोलसर आणि कडा खरबरीत येतात. पत्र्याच्या मागून उजेड दिसू लागला की उरलेला पापुद्रा अचानक फाटतो. सुटणारा तुकडा आधीच बांधून ठेवा. उष्णता मात्र लागलेली नसते: कडा जळत नाहीत, धातूची घडण बदलत नाही. विजेच्या ज्योतीने पाण्याखाली कापताना हायड्रोजन आणि ऑक्सिजन वर साचून स्फोट होण्याची जी भीती असते, ती इथे नाही.

खोलवर, आणि जाड लोखंडावर

शंभर मीटरच्या पलीकडे ३०० बारचा ढग आखूड होत जातो. नोझल धातूच्या जवळ न्यावं लागतं, सहन होणाऱ्या चुकीचा वाव कमी होतो. सिग्मा पुन्हा ०.०१४ वर आणायचा तर १०० मीटरवर सुमारे ७८० बार लागतील. असे पंप आहेत, पण एवढा दाब घेऊनही फक्त बुडबुड्यांवर विसंबणं मला पटत नाही. त्या दाबाला धारेत कण मिसळले, तर तीच धार स्टील कापू लागते.

कारखान्यात कण हवेबरोबर मिश्रण-कक्षात ओढले जातात. पाण्याखाली तो कक्ष भरून जातो आणि ओढ बिघडते. त्यासाठी गार्नेट या कठीण खनिजाचे कण आधीच पाण्यात कालवून, दाबाखालच्या भांड्यातून थेट नोझलला देण्याची पद्धत बसली. १९८० च्या दशकापासून ती वापरात आहे आणि काही शे बारलाही स्टील कापते. बॅरेंट्स समुद्रात सुमारे १०८ मीटरवर पडलेली रशियाची कुर्स्क पाणबुडी २००१ मध्ये उचलताना केबल अडकवण्यासाठी तिच्या कवचात २६ भोकं पाडली, ती कणमिश्रित धारेनेच. अणुभट्ट्यांची जुनी पात्रं पाण्याखाली कापून मोकळी करतानाही हीच धार वापरली गेली आहे.

म्हणून माझी वाटणी अशी: रंग, गंज, शिंपले काढून तडे शोधण्याजोगा पृष्ठभाग उघडा करायला कॅव्हिटेशन. पातळ अॅल्युमिनियमला, जिथे कण मागे राहिलेले चालत नाहीत, तिथेही कॅव्हिटेशन. काही मिलिमीटरच्या वरचं स्टील आरपार हवं असेल तर गार्नेट.

काम संपल्यावर

दाब शून्य झाला हे गेजवर पाहूनच जोड उघडा, आणि त्याआधी ट्रिगर एकदा दाबून होजमधला उरलेला दाब सोडा. समुद्रात गेलेलं नोझल गोड्या पाण्याने धुऊन वाळवा. स्टीलचा नुकताच खाल्लेला पृष्ठभाग काही तासांत गंजतो, तपासणी करायची असेल तर लगेच वाळवून तेलाचा हात द्या. जुना रंग काढला असेल तर टाकीतलं पाणी तसंच गटारात सोडू नका. त्यात शिसं असू शकतं. गाळ बसू द्या, वेगळा काढा.

घसा पिन-गेजने मोजून नोंदवहीत लिहा आणि कड भिंगाखाली पाहा. कडेवर कुठेही टवका किंवा गोलाई दिसली, किंवा त्याच दाबाला पाणी आधीपेक्षा जास्त जाऊ लागलं, तर घसा बदला आणि नव्या घशाला तिरक्या प्लेटची चाचणी पहिल्यापासून द्या.